विषाचा अंश आढळला नाही

बेल्जियममधल्या बिट्रेमाँ वाड्यात २० नोव्हेंबर १८५० रोजी गुस्ताव फुन्यी हा तरुण जेवणघरात मरून पडला. त्याचा एक पाय कापलेला होता आणि प्रकृती तोळामासा होती, त्यामुळे झटका येऊन गेला असं सांगितलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. वाड्याचा मालक, म्हणजे गुस्तावचा मेहुणा काउंट इपोलित द बोकार्मे, यानं तसंच सांगितलं. पण घरातल्या नोकरांना त्या रात्री भलत्याच गोष्टी दिसल्या होत्या. मालकानं प्रेताच्या तोंडात आणि अंगावर व्हिनेगर ओतायला लावलं, कपडे ताबडतोब धुवायला टाकले आणि मालकीणबाईंनी जेवणघराची फरशी घासून घेतली. बोकार्मे कर्जात बुडालेला होता. गुस्ताव अविवाहित मेला तर त्याची इस्टेट बहिणीकडे येणार होती, आणि गुस्तावचं तर लग्न ठरत आलेलं होतं.

मृताच्या गालावर ओरखडे होते आणि तोंड आतून भाजल्यासारखं झालं होतं. गंधकाम्लासारखं तीव्र आम्ल पाजलं असावं अशी डॉक्टरांची पहिली शंका होती. जठर, जीभ, यकृत असे अवयव अल्कोहोलमध्ये बुडवून ब्रसेल्सला झाँ स्तास या रसायनशास्त्रज्ञाकडे पाठवण्यात आले. हे आम्लाचं काम नाही, हे स्तासच्या लवकरच लक्षात आलं. मग व्हिनेगर कशासाठी ओतलं असेल? दुसरा एखादा वास झाकण्यासाठी. तो वास शोधता शोधता स्तास निकोटीनपर्यंत, म्हणजे तंबाखूतल्या विषापर्यंत पोचला. दरम्यान पोलिसांनाही धागे मिळाले होते. काउंटनं खोटं नाव सांगून गेन्टमधल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षकाकडे तंबाखूतून निकोटीन काढण्याविषयी चौकशी केली होती आणि आपल्या वाड्यात तशी भट्टीही लावली होती. बागेत पुरलेले काही प्राणी सापडले. त्यांच्यावर आधी प्रयोग झाले होते. १९ जुलै १८५१ रोजी मोंस शहरात काउंटचं डोकं गिलोटीननं उडवलं गेलं. त्याची बायको निर्दोष सुटली.

या खटल्याचं महत्त्व समजायला त्याआधीची अवस्था माहीत हवी. जेम्स मार्शनं १८३६ मध्ये आर्सेनिकची चाचणी प्रसिद्ध केली आणि जुन्या काळचं ते लाडकं विष खुन्यांना महागात पडू लागलं. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. शरीर कुजलं, वर्षं लोटली, तरी ते केसांत, नखांत, हाडांत शिल्लक राहतं. वनस्पतींच्या विषाचं तसं नसतं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि बहुधा नायट्रोजन एवढ्याच सामग्रीतून ते बनलेलं असतं, आणि माणसाचं मांसही त्याच सामग्रीचं. पूर्वीची रीत अशी की अवयव तीव्र आम्लात उकळून सेंद्रिय भाग नष्ट करायचा आणि उरलेल्यात विष शोधायचं. त्या रीतीत धातूची विषं सापडायची आणि वनस्पतिविषं मांसाबरोबरच जळून जायची. मातेओ ऑर्फिला या विषशास्त्राच्या आद्य आचार्यानंही इथं जवळजवळ हात टेकले होते.

स्तासनं काढलेला मार्ग साधा होता. निकोटीन, स्ट्रिक्नीन, अॅट्रोपीन, मॉर्फीन ही सगळी अल्कलॉइडं, म्हणजे अल्कधर्मी द्रव्यं. आम्ल घातलं की त्यांचे क्षार बनतात आणि पाण्यात, अल्कोहोलमध्ये विरघळतात. मेद आणि बरीचशी प्रथिनं तेव्हा मागे राहतात. त्यानंतर ते द्रावण अल्कधर्मी करून ईथरबरोबर हलवलं, की अल्कलॉइड पाणी सोडून ईथरमध्ये जातं. ईथर उडून गेला की बशीच्या तळाशी विष उरतं. फ्रीडरिश ओटो या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं या कृतीत सुधारणा केली आणि ती स्तास-ओटो पद्धत म्हणून जगभर रूढ झाली. भारतातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत शिकलेल्या अनेक पिढ्यांनी हीच पद्धत गिरवली.

बशीच्या तळाशी काहीतरी उरलं, पण ते नेमकं कोणतं विष? रंग बदलणाऱ्या चाचण्या काही विषांना लागू पडायच्या, काहींना नाही. मग जिवंत शरीरालाच साक्षीला बोलावलं जाई.

धोतरा आणि बेलाडोना यांच्या विषानं डोळ्याची बाहुली मोठी होते. फ्रीडलीब रुंग या तरुणानं १८१९ मध्ये येना इथं थेट कवी ग्योटेसमोर मांजर नेऊन हे दाखवलं. मांजराच्या डोळ्यात बेलाडोनाचा अर्क घातला की बाहुली ताणल्यासारखी मोठी होते, म्हणजे संशयित द्रवात ते विष आहे की नाही हे मांजर सांगू शकतं. ग्योटे इतका खूश झाला की त्यानं रुंगला कॉफीच्या बिया भेट दिल्या आणि यांचंही पृथक्करण करा म्हणाला. त्यातून रुंगनं कॅफीन शोधलं. डिजिटॅलिसच्या बाबतीत बेडकाचं हृदय कामी आलं. द ला पोमरे या डॉक्टरवर १८६४ मध्ये पॅरिसमध्ये खटला चालला. त्यात आंब्रुआझ तार्द्यू यानं मृत स्त्रीच्या खोलीतल्या फळ्यांवरून खरवडलेल्या उलटीचा अर्क बेडकांना टोचला आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावत थांबताना नोंदवले. डॉक्टर गिलोटीनवर गेला.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधला थॉमस स्टीव्हन्सन तर स्वतःची जीभ वापरायचा. अनेक अल्कलॉइडांच्या चवींचा त्याचा अभ्यास होता. जॉर्ज लॅमसन या डॉक्टरनं डिसेंबर १८८१ मध्ये विंबल्डनच्या शाळेत शिकणाऱ्या आपल्या अपंग मेहुण्याला बचनागाचं विष दिलं. बचनागाचं विष रसायनशास्त्राला सापडत नाही, असं तो विद्यार्थिदशेत शिकला होता आणि त्याच भरवशावर होता. स्टीव्हन्सननं मुलाच्या अवयवांतून काढलेला अर्क जिभेला लावला. जीभ आणि ओठ बधिर झाले, मुंग्या आल्या आणि तो परिणाम काही तास टिकला. हाच अर्क टोचलेले उंदीर मेले, आणि बचनागातलं शुद्ध अॅकोनिटीन टोचलेलेही तसेच मेले. न्यायालयानं जिभेची साक्ष ग्राह्य धरली आणि २८ एप्रिल १८८२ रोजी लॅमसन फासावर गेला.

इकडे हिंदुस्थानात प्रश्न वेगळा होता. इथं विष मिळवायला कुणाला प्रयोगशाळा उभारावी लागत नव्हती. धोतरा गावाच्या उकिरड्यावर, कण्हेर देवळाच्या अंगणात, रुई बांधावर, गुंज कुंपणावर आणि काजऱ्याची झाडं जंगलात. सरकारनं मद्रासला १८४९ मध्ये रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा काढली, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये. नॉर्मन शेव्हर्सनं १८५६ मध्ये कलकत्त्याहून न्यायवैद्यकाची पुस्तिका प्रसिद्ध केली. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक आयसिडोर लायन यांनी १८८९ मध्ये हिंदुस्थानसाठी वेगळं पाठ्यपुस्तक लिहिलं. १९२० मध्ये जयसिंग मोदींचा ग्रंथ आला. आजही वकील आणि डॉक्टर त्याला नुसतं 'मोदी' म्हणतात. या सगळ्या पुस्तकांत युरोपीय ग्रंथांत नसलेली लांबलचक प्रकरणं आहेत आणि त्यांचे नायक इथलेच आहेत: धोतरा, बचनाग, कण्हेर, गुंज, बिब्बा.

धोतऱ्याला तर 'रस्त्यावरचं विष' असंच नाव पडलं. वाटसरूशी गोडीगुलाबीनं ओळख काढायची, धर्मशाळेत किंवा झाडाखाली त्याच्या जेवणात धोतऱ्याच्या बियांची पूड मिसळायची आणि तो भ्रमिष्ट झाला की गाठोडं घेऊन पसार व्हायचं. मारायचा हेतू बहुधा नसे, पण अंदाज चुकला की माणूस दगावे. लक्षणं इतकी ठरावीक की अनुभवी डॉक्टर दारातूनच ओळखतो: तोंडाला कोरड, गिळता येत नाही, कातडी तापलेली आणि सुकी, चेहरा लाल, बाहुल्या विस्फारलेल्या, चाल दारुड्यासारखी. रोगी बडबडतो, अंथरुणाची टोकं चिमटीत धरून ओढतो, बोटांच्या टोकांतून नसलेले धागे उपसत राहतो. बरा झाल्यावर त्याला मधलं फारसं आठवत नाही, आणि गुन्हेगाराच्या ते पथ्यावर पडतं.

इथं भारतीय परीक्षकांनी शोधलेला पुरावा रसायनाचा नव्हता, डोळ्यांचा होता. धोतऱ्याची बी चिवट असते. प्रेत कुजलं तरी जठरात ती किंवा तिचे तुकडे ओळखू येण्याजोगे राहतात. अडचण एवढीच, की आपल्या जेवणात हटकून असणारी मिरचीची बी तिच्यासारखीच दिसते. दोन्ही झाडं एकाच कुळातली. त्यामुळे न्यायवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला या दोन बियांतला फरक पाठ करावा लागतो. धोतऱ्याची बी मूत्रपिंडाच्या आकाराची, जाडसर, तपकिरी, पृष्ठभागावर बारीक खड्डे असलेली आणि कडू; मिरचीची बी चपटी, गोलसर, फिकट पिवळी, गुळगुळीत आणि तिखट. बी उभी चिरली तर धोतऱ्यात अंकुराचं टोक बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसतं, मिरचीत आतल्या बाजूला. मौखिक परीक्षेत हा प्रश्न आजही येतो. रेल्वेत बिस्किटं खिलवून लुटणाऱ्या टोळ्या आता गुंगीच्या गोळ्यांकडे वळल्या असल्या, तरी धोतऱ्याच्या विषबाधेचे रुग्ण रुग्णालयांत अजून येतात. त्यांत अपघातानं बी खाल्लेली मुलंही असतात.

गुंजेची कथा आणखी चमत्कारिक आहे. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा तोळा, या हिशेबानं सोनाराच्या तराजूत बसणाऱ्या त्या लाल-काळ्या देखण्या बीमध्ये अॅब्रिन नावाचं जहाल प्रथिन असतं. अख्खी बी गिळली तर कडक सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते. पण पूर्वी गुरं मारायला गुंजेचा वापर झाला, तो बारीक सुयांच्या रूपात. बियांच्या वाटणाच्या अणकुचीदार सुया वाळवून लाकडी मुठीला लावायच्या आणि जनावराच्या कातडीत घुसवायच्या. मूठ हातात राही, सुई आत. जागा सुजे, जनावर चारा सोडी आणि काही दिवसांत मरे. पाहणाऱ्याला वाटे, फुरसं चावलं. वैर साधणारा किंवा कातड्यावर डोळा असलेला माणूस नामानिराळा. जनावराच्या सुजलेल्या भागात सुईचा तुकडा शोधणं, हाच परीक्षकाचा मुख्य आधार असे.

अॅब्रिन आणि एरंडाच्या बीतलं रिसिन ही दोन्ही प्रथिनं असल्यामुळे स्तासची ईथरची युक्ती त्यांच्यापुढे चालत नाही. ती पेशीत शिरून प्रथिनं बनवणारी यंत्रणाच बंद पाडतात. पाउल एर्लिशनं १८९१ मध्ये हीच दोन विषं थोड्या थोड्या मात्रेत उंदरांना देऊन दाखवलं, की शरीर त्यांच्याविरुद्ध अगदी नेमका प्रतिकार तयार करतं: रिसिन सोसणारा उंदीर अॅब्रिननं मरतो. पुढे रक्तातल्या अशा प्रतिपिंडांचाच उपयोग करून ही प्रथिनं शोधण्याच्या चाचण्या तयार झाल्या. तरीही १९७८ मध्ये बल्गेरियन लेखक गिओर्गी मार्कोव्ह लंडनमध्ये मारला गेला, तेव्हा त्याच्या मांडीत दीड मिलिमीटरच्या आसपासची, दोन सूक्ष्म छिद्रं असलेली धातूची गोळी सापडली आणि विष मात्र हाती लागलं नाही. इतक्या सूक्ष्म मात्रेत माणूस मारू शकणारी विषं मोजकीच आहेत, लक्षणं रिसिनशी जुळतात आणि पोर्टन डाउनच्या प्रयोगशाळेत रिसिन टोचलेलं डुक्कर त्याच पद्धतीनं मेलं, एवढ्या आधारावर निष्कर्ष काढावा लागला.

बिब्ब्याचा मामला उलटा. इथं विष वापरणारा स्वतःच फिर्यादी असतो. शेजाऱ्यानं मारहाण केली असं खोटं दाखवायचं असेल तर बिब्ब्याचं तेल कातडीला चोळून काळपट वळ उठवायचे. रुईचा चीक आणि लाल चित्रकाचं मूळ यांचाही असा उपयोग झालेला आहे. पण बिब्बा लबाडी पचू देत नाही. मुका मार लागून आलेला डाग दिवसागणिक निळा, हिरवट, पिवळा होत जातो, तर बिब्ब्याचा डाग तसा बदलत नाही. त्याच्या कडेला बारीक फोड असतात आणि खाज सुटते. खाजवलं की तेल बोटांना लागतं आणि बोटांच्या टोकांवरही फोड येतात. शिवाय असे वळ बहुधा स्वतःचा हात पोचेल अशाच जागी असतात. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात पाहिले की हे तेल काय करू शकतं ते दिसतं.

आज संशयास्पद मृत्यू झाला की शवविच्छेदन करणारा डॉक्टर 'व्हिसेरा राखून ठेवला' असं लिहितो. जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग आणि रक्त, असे नमुने बरण्यांत भरून मोहोरबंद होतात. अवयव टिकवायला मिठाचं संपृक्त द्रावण वापरायची आपल्याकडे रीत आहे. मात्र बचनागाचा संशय असेल तर मीठ टाळून स्पिरिट वापरावं, असं पाठ्यपुस्तकं बजावतात. बरणी कशानं भरायची हे ठरवण्यासाठीच डॉक्टरला आत काय असेल याचा अंदाज हवा. मुंबईत कलिन्याला किंवा विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बरण्या पोचतात, तेव्हा सोबतच्या कागदावर लक्षणं, उलटीचा वास, घरात सापडलेल्या बिया किंवा मुळ्या यांची नोंद किती नेमकी आहे, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

क्रोमॅटोग्राफ आणि वस्तुमान वर्णपटमापक ही यंत्रं आता ग्रॅमच्या अब्जांश भागापर्यंत विष ओळखतात. पण यंत्र तुलना करतं, आणि तुलनेला नमुना लागतो. ज्या विषाची नोंद त्याच्या संग्रहात नाही, ते पडद्यावर एक निनावी शिखर म्हणून दिसतं किंवा नजरेतूनच सुटतं. पश्चिम लंडनमध्ये जानेवारी २००९ मध्ये फ्रिजमध्ये ठेवलेली करी गरम करून खाल्ल्यावर एक तरुण मेला आणि त्याची वाग्दत्त वधू थोडक्यात वाचली. चेहरा बधिर होणं, डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या ही लक्षणं, तरुणाच्या पूर्वीच्या प्रेयसीनं भारतातून आणलेली भुकटी आणि हिमालयातल्या बचनागाची माहिती हे सारं जुळवल्यावरच विषाचं नाव निश्चित झालं. २०१० मध्ये तिला जन्मठेप झाली. लॅमसननंतर ब्रिटनमध्ये बचनागानं केलेला हा पहिला सिद्ध खून मानला गेला.

केरळच्या किनाऱ्यावर खाजणालगत वाढणाऱ्या ओथलमच्या झाडाचा धडाही तोच आहे. हे आपल्या बिट्टीचं, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं, जवळचं नातलग. त्याच्या बीतलं सेर्बेरिन हृदयाच्या स्नायूंतली सोडियम-पोटॅशियमची ने-आण बिघडवतं आणि ठोक्यांची लय मोडते. फ्रान्समधल्या एका विषशास्त्रीय प्रयोगशाळेनं केरळच्या सहकाऱ्यांबरोबर २००४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा १९८९ ते १९९९ या काळातल्या केरळमधल्या पाचशेहून अधिक विषबाधा या एकाच झाडाच्या निघाल्या. पाश्चात्त्य डॉक्टरांना हे झाडच फारसं माहीत नसल्यामुळे त्याच्या विषानं झालेला खून सहज निसटू शकतो, असा इशारा त्या चमूनं दिला. बिट्टीच्या बाबतीत एक गमतीदार धागा मात्र हाताशी असतो. हृदयविकारावरच्या डिगॉक्सिन या औषधाची रक्तचाचणी बिट्टीच्या विषालाही प्रतिसाद देते. ज्यानं डिगॉक्सिन कधी घेतलंच नाही, त्याच्या रक्तात ते दिसलं की डॉक्टरनं परसातल्या पिवळ्या फुलांची चौकशी करावी. श्रीलंकेत बिट्टीच्या विषबाधेचं प्रमाण मोठं आहे. डिगॉक्सिनवरचा प्रतिपिंडाचा उतारा बिट्टीलाही लागू पडतो, हे तिथल्याच डॉक्टरांच्या सहभागानं झालेल्या चाचणीतून २००० मध्ये सिद्ध झालं.

आणि सगळं करूनही अहवालात 'विषाचा अंश आढळला नाही' असंच आलं तर? हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे पुण्यातल्या एका गाजलेल्या प्रकरणानं आणला. पुण्यातल्या एका श्रीमंत, मधुमेही विधवेला तिचा डॉक्टर १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पॅसेंजर गाडीनं मुंबईला घेऊन निघाला. पहाटे बोरीबंदरला उतरली तेव्हा ती बेशुद्ध होती. डॉक्टरनं तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केलं, नाव मात्र भलतंच सांगितलं, आणि त्याच दिवशी ती वारली. प्रेत बेवारस ठरून वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेलं. इकडे डॉक्टर तिच्या नावानं पत्रं पाठवत राहिला, बाई पुन्हा लग्न करून दूर गेल्याचं भासवत राहिला आणि तिची मालमत्ता आपल्याकडे वळवत राहिला. व्हिसेऱ्यात रासायनिक विश्लेषकाला कोणतंही विष सापडलं नाही.

'अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य' या नावानं कायद्याच्या पुस्तकांत असलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९५९ मध्ये फाशी कायम केली. सापडत नाहीत अशी विषं असतात, आणि डॉक्टरला ती माहीत असू शकतात. म्हणून विष सापडलं नाही एवढ्यावर आरोपी सुटत नाही, असं बहुमताच्या वतीनं न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलं. न्यायमूर्ती सरकार यांना ते पटलं नाही. मधुमेहामुळेही मृत्यू आला असू शकतो आणि अनैसर्गिक मृत्यू सिद्धच झालेला नाही, असं त्यांचं भिन्नमत होतं.

पुढे १९८४ मध्ये पुण्यातल्याच सायनाइडच्या दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं विषप्रयोग सिद्ध करायला चार गोष्टी लागतात असं सांगितलं: स्पष्ट हेतू, मृत्यू त्याच विषानं झाल्याचा पुरावा, आरोपीजवळ ते विष असणं आणि ते देण्याची संधी. १९८८ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात त्याच न्यायालयानं ही चौकट सैल केली. विष गुपचूपच दिलं जातं, तेव्हा आरोपीजवळ ते होतं हे सिद्ध झालं नाही एवढ्यावरून बाकीचा भक्कम पुरावा फेकून देता येणार नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे. विषप्रयोगाच्या खटल्यांत आज या तिन्ही निकालांचे दाखले दिले जातात. सरकारी वकील पहिल्यावर आणि तिसऱ्यावर भर देतो, बचावाचा वकील दुसऱ्यावर.